मधले दोन रिकामे दिवस आणि रात्रीच्या तीन गोळ्या

वाचकाचं पत्र

डॉक्टर मॅडम, माझं वय ५८. सहा वर्षांपासून पोट साफ होण्यासाठी रात्री गोळी घेते. पट्टीवर बिसाकोडिल ५ मिलिग्रॅम असं लिहिलेलं आहे. सुरुवातीला एक पुरायची, मग दोन लागू लागल्या, गेलं वर्षभर तीन घेते. घेतल्या की दुसऱ्या सकाळी पोटात मुरडा येऊन तीन-चार वेळा पातळ होतं. मग दोन दिवस काहीच होत नाही, म्हणून तिसऱ्या रात्री पुन्हा गोळ्या. पोटाला त्रास नको म्हणून कोमट दुधाबरोबर घेते. बीपीची गोळी चालू आहे, तिच्यात लघवीचं औषध आहे. गुडघ्यांसाठी आठवड्यातून तीन-चार दिवस ट्रॅमाडॉलची गोळी असते. हिमोग्लोबिन कमी आलं म्हणून चार महिन्यांपासून लोहाची गोळी घेते. हल्ली रात्री पायात गोळे येतात आणि जिना चढताना मांड्यांत जीवच नसल्यासारखं होतं. मुलगी म्हणते, तुझी आतडी आळशी झालीत, पुढे कॅन्सर होईल, सगळ्या गोळ्या बंद कर. बंद करून पाहिल्या. पाचव्या दिवशी पोट तट्ट फुगलं, पुन्हा सुरू केल्या. आमच्या डॉक्टरांना हे सांगायची लाज वाटते, त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. ही सवय सुटेल का?

उत्तर

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही विचारलंत ते सवयीबद्दल, त्यावर सविस्तर लिहितेच. पण दोन गोष्टी तुम्ही जाता जाता सांगून पुढे गेलात आणि माझी नजर तिथंच अडकली. एक म्हणजे पायातले गोळे आणि मांड्यांतला अशक्तपणा. दुसरी, हिमोग्लोबिन.

आधी पायांचं बघू. पातळ शौचावाटे शरीरातून पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं. बीपीच्या गोळीत जे लघवीचं औषध असतं, त्यातल्या बऱ्याच प्रकारांनी लघवीवाटेही पोटॅशियम जातं. म्हणजे एकाच टाकीला दोन ठिकाणी गळती. पोटॅशियम उतरलं की स्नायू लवकर थकतात, गोळे येतात, आणि फार उतरलं तर हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते. यात आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या मूळ तक्रारीशी थेट जोडलेली आहे. आतड्याची भिंतसुद्धा स्नायूचीच असते. पोटॅशियम कमी झालं की तीही मंदावते. म्हणजे जी गोळी तुम्ही बद्धकोष्ठतेसाठी घेताय, तीच या वाटेनं बद्धकोष्ठता वाढवत असू शकते. तुमच्या बाबतीत असंच घडतंय असं मी पत्रावरून ठामपणे सांगू शकत नाही, पण साध्या रक्ततपासणीत ते कळतं. ती याच आठवड्यात करून घ्या. मध्येच छातीत धडधड झाली, ठोका चुकल्यासारखा वाटला, चक्कर येऊन पडायला झालं किंवा पाय उचलणं जड झालं, तर आठवड्याची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता हिमोग्लोबिन. ते कमी आलं, लोहाची गोळी सुरू झाली, पण ते कमी का झालं याचा शोध कुणी घेतला का, हे पत्रात नाही. पाळी चालू असेपर्यंत लोह कमी पडण्याचं एक उघड कारण असतं. पाळी गेल्यानंतर ते कारण उरत नाही, आणि मग रक्त कुठून तरी थोडं थोडं जात नाही ना, हे बघावंच लागतं. वेदनाशामक गोळ्यांनी जठरात झालेला व्रण असेल, मूळव्याध असेल, आतड्यातला एखादा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली छोटी गाठ असेल, किंवा मोठ्या आतड्याचा कॅन्सरही असू शकतो. अनेकदा साधंच कारण निघतं. पण रोज जुलाबाची गोळी घेणाऱ्या माणसाचं एक नुकसान होतं, त्याला स्वतःच्या शौचातला बदल ओळखू येत नाही. पातळ झालं तर गोळीमुळे, नाही झालं तर गोळी कमी पडली म्हणून. रंग काळा दिसला तर लोहामुळे. प्रत्येक खुणेला आयतं उत्तर तयार असतं. लोहाच्या गोळीनं शौच काळपट-हिरवट होतं, हे खरं आहे. डांबरासारखं चिकट, काळंभोर आणि उग्र वासाचं शौच मात्र वरच्या भागात रक्त जात असल्याची खूण असते. तुमच्या वयात, कमी हिमोग्लोबिन आणि शौचाची तक्रार एकत्र असताना, दुर्बिणीनं मोठं आतडं तपासायचं का, हा प्रश्न डॉक्टरांना तुम्ही स्वतःहून विचारा. तुम्हाला घाबरवायचं म्हणून मी हे लिहीत नाही. गोळ्यांच्या गोंधळात ही तपासणी राहून जाऊ नये, एवढीच माझी तळमळ आहे.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही लिहिलंत, ‘मग दोन दिवस काहीच होत नाही’. सहा वर्षांची सगळी गाठ या वाक्यात आहे.

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. लहान आतड्यातून रोज सुमारे दीड लिटर पातळ रस त्यात येतो, त्यातलं बहुतेक पाणी ते शोषून घेतं आणि उरलेल्याचा मळ तयार करतं. या प्रवासाला साधारण एक ते तीन दिवस लागतात. नेहमीच्या शौचाच्या वेळी सगळं आतडं रिकामं होत नाही, फक्त शेवटचा भाग रिकामा होतो. मागे उद्याचा आणि परवाचा माल रांगेत उभाच असतो. तुम्ही तीन गोळ्या घेता तेव्हा आतडं जोरात आकसतं आणि ती सगळी रांगच बाहेर फेकली जाते. दुसऱ्या दिवशी आत काही नसतंच. तिसऱ्या दिवशीही फारसं नसतं. पुन्हा भरायला दोन ते चार दिवस लागणारच. म्हणजे त्या दोन दिवसांत तुम्हाला बद्धकोष्ठता नसते, आतडं फक्त भरत असतं. पण तुम्हाला वाटतं ‘पुन्हा अडकलं’, आणि भरत आलेलं आतडं तुम्ही तिसऱ्या रात्री पुन्हा रिकामं करता. सहा वर्षांत तुमच्या आतड्याला स्वतःच्या गतीनं एक फेरी पूर्ण करायची संधीच मिळालेली नाही.

रोज एकदा शौच झालंच पाहिजे, हा आग्रह आपल्या मनात लहानपणापासून पक्का बसवलेला असतो. प्रत्यक्षात दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत सगळं निरोगी माणसात दिसतं. कितीदा झालं यापेक्षा कसं झालं, याकडे मी जास्त बघते. ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ साली मळाच्या सात प्रकारांचा एक चित्रतक्ता प्रसिद्ध केला, तो आज जगभरचे डॉक्टर वापरतात. सुटे टणक खडे म्हणजे पहिला प्रकार, खडे जोडून झालेला गाठाळ तुकडा म्हणजे दुसरा. हे दोन बद्धकोष्ठतेचे. भेगा असलेला किंवा गुळगुळीत, सहज सरकणारा तिसरा आणि चौथा, हे हवे असलेले. तिथून पुढे मळ सैल होत जातो आणि सातवा म्हणजे निव्वळ पाणी. तुमची एक सकाळ सहा-सातमध्ये जाते आणि मधला काळ काळजीत. दोन दिवसांनी एकदा, पण तिसऱ्या किंवा चौथ्या प्रकारचं, न कुंथता होत असेल, तर मी तुम्हाला औषध वाढवा असं कधीच म्हणणार नाही.

तुमच्या मुलीला तुमची काळजी आहे, तिच्या बोलण्याचा राग धरू नका. पण तिच्या दोन्ही भीतींना मला उत्तर द्यायचं आहे. आतडी आळशी होतात, ही समजूत फार जुनी आहे. बिसाकोडिल किंवा सेना, म्हणजे सोनामुखी, नेमून दिलेल्या प्रमाणात घेतल्यानं आतड्याच्या नसा किंवा स्नायू कायमचे बिघडतात, याचा चांगला पुरावा मिळालेला नाही. सोनामुखी बरेच महिने घेतली तर आतड्याच्या आतल्या अस्तराला काळपट रंग चढतो आणि दुर्बिणीत तो दिसला की लोक हादरतात. तो निरुपद्रवी असतो आणि औषध थांबवल्यावर काही महिन्यांत फिका पडतो. या औषधांनी कॅन्सर होतो, असंही सिद्ध झालेलं नाही. कॅन्सरच्या भीतीला एक जुना धागा आहे. फिनॉल्फथॅलिन नावाचं रसायन विसाव्या शतकात जुलाबाच्या गोळ्यांमध्ये सर्रास असे. प्राण्यांवरच्या चाचण्यांत त्यानं गाठी होताना दिसल्या आणि १९९९ साली अमेरिकेच्या औषध नियामकानं सहज मिळणाऱ्या रेचकांमधून ते काढून टाकलं. तुमच्या पट्टीतलं औषध ते नव्हे.

तेव्हा गोळी घेतलीत यात पाप काही नाही. चुकलंय ते प्रमाण आणि अंतर. प्रौढांसाठी बिसाकोडिलचा नेहमीचा डोस ५ ते १० मिलिग्रॅम आहे, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ते थोडेच दिवस घ्यायचं औषध आहे. तुम्ही वर्षभर १५ वर आहात, एकूण सहा वर्षं गोळी घेताय, आणि कुणाचीच देखरेख नाही.

दुधाबद्दलही लगेच सांगते, कारण तो बदल आज रात्रीपासून करता येईल. या गोळीवर एक खास आवरण असतं. जठरातल्या आम्लात ते टिकतं आणि पुढे आतड्यात गेल्यावर विरघळतं, कारण औषधाचं काम तिथं आहे. दूध किंवा ॲसिडिटीचं औषध बरोबर घेतलं की जठरातलं आम्ल कमी होतं, आवरण तिथंच सुटतं आणि जठराची आग-आग होते, मळमळतं, कळा येतात. पोटाला त्रास नको म्हणून घेतलेलं दूधच कदाचित त्रास वाढवत होतं. गोळी साध्या पाण्याबरोबर, अख्खी गिळायची. चावायची नाही, फोडायची नाही. दूध आणि ॲसिडिटीचं औषध यांपासून निदान एक तास लांब ठेवायची. परिणाम दिसायला सहा ते बारा तास लागतात, म्हणून ती झोपताना घेतात. अर्ध्या रात्री काही झालं नाही म्हणून दुसरी घेण्यात अर्थ नसतो.

बद्धकोष्ठता येते कुठून? तुमच्या औषधांच्या यादीतच दोन मोठी कारणं दिसतात. ट्रॅमाडॉल हे अफूच्या वर्गातलं वेदनाशामक आहे. ते मेंदूवर काम करतं तसंच आतड्याच्या नसांवरही करतं आणि आतड्याची हालचाल थंडावते. या औषधाचे बाकीचे बरेच दुष्परिणाम शरीराच्या सवयीचे होतात, हा परिणाम मात्र तसा जात नाही. गुडघ्यांसाठी दुसरा मार्ग आहे का, हे विचारा. व्यायाम, लावायचं औषध, वेगळी गोळी, काहीतरी निघतं. लोहानंही अनेकांचा मळ घट्ट होतो. एक दिवसाआड घेतलं तर चालेल का, दुसऱ्या प्रकारचं लोह सोसेल का, हे डॉक्टरांना ठरवू द्या, पण स्वतःहून बंद करू नका. याशिवाय थायरॉइड मंद असणं, रक्तात कॅल्शियम वाढलेलं असणं, मधुमेह यांनीही आतडं संथ होतं, म्हणून त्या तपासण्याही एकाच वेळी करून टाकाव्यात.

आता मार्ग. मी तुम्हाला ‘सगळं एकदम बंद करा’ असं सांगणार नाही. तुम्ही ते करून बघितलंत आणि पाचव्या दिवशी काय झालं ते सोसलंत. मी सांगते ती दिशा तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवा. तपासण्यांचे निकाल बघून ते तिच्यात बदल करतील.

माझी पहिली पसंती पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या पावडरीला असते. काही ठिकाणी हिला मॅक्रोगॉल म्हणतात. ती आतड्याला चाबूक मारत नाही. पाण्याचे रेणू धरून ठेवते आणि ते पाणी मळापर्यंत नेते, मळ मऊ होतो. ती रक्तात जवळजवळ शोषलीच जात नाही. प्रौढांचा नेहमीचा डोस रोज १७ ग्रॅम, सुमारे २४० मिलिलिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. एका दिवसात चमत्कार होत नाही, एक ते तीन दिवस लागतात. बरेच लोक इथंच धीर सोडतात आणि दुसऱ्या रात्री जुन्या गोळीकडे वळतात. पावडर रोज, एकाच वेळी, शौच झालं असेल त्या दिवशीही घ्यायची. फार सैल झालं तर प्रमाण कमी करायचं. पहिले काही दिवस पोट गुरगुरेल.

या काळात बिसाकोडिल ठरावीक रात्री घ्यायचं बंद. पूर्ण तीन दिवस काहीच झालं नाही तरच घ्यायचं, आणि एकच गोळी. ती घेतल्यावर मोजणी नव्यानं सुरू करायची. पुढचे दोन-तीन दिवस रिकामे गेले तर ते अपेक्षितच आहे, त्याची धास्ती घ्यायची नाही. कॅलेंडरवर रोज एक आकडा लिहा, तक्त्यातला प्रकार, आणि गोळी घेतली त्या रात्री एक खूण. काही आठवड्यांनी खुणा विरळ झालेल्या तुम्हालाच दिसतील. काही जणांना शेवटी पावडरीबरोबर अधूनमधून छोटी गोळी लागतेच, विशेषतः अफूच्या वर्गातलं वेदनाशामक चालू असेल तर. तसं झालं तरी हरलात असं समजू नका. चष्म्यासारखं ते वापरावं, मात्र डॉक्टरांना माहीत असताना.

पावडर मिळाली नाही किंवा मानवली नाही तर लॅक्ट्युलोजचं पातळ औषध त्याच जातीचं आहे. त्याला एक-दोन दिवस लागतात आणि वायू जास्त होतो. चवीला गोड असतं, म्हणून मधुमेह असल्यास आधी विचारावं.

काही गोष्टी मात्र तुम्ही आत्ता घेऊ नयेत. इसबगोल त्यातली एक, आणि हे वाचून अनेकांना नवल वाटेल. इसबगोल चांगलंच आहे, आहारात तंतू कमी पडतात त्यांना मी ते आवर्जून देते. पण ते पाणी पिऊन फुगतं, मळाचा आकार वाढवतं आणि तो पुढे ढकलायला आतड्याची चांगली हालचाल लागते. ट्रॅमाडॉलनं थंडावलेल्या आतड्यात आधीच खडे असताना वरून फुगवटा टाकला तर वाट आणखी तुंबते. मळ मऊ झाला, ट्रॅमाडॉल सुटलं, की मग त्याचा विचार करा. तेव्हाही पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर, आडवं होण्यापूर्वी बराच वेळ आधी आणि इतर औषधांपासून दोन तास दूर. कोरडं किंवा घोटभर पाण्यात घेतलेलं इसबगोल घशात आणि अन्ननलिकेत अडकलेलं मी पाहिलं आहे. गिळायला त्रास होणाऱ्या वृद्धांना तर ते देऊच नये.

मॅग्नेशियाचं दुधी औषध झटपट काम करतं, पण मूत्रपिंड कमकुवत असेल तर मॅग्नेशियम अंगात साचतं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, कळेपर्यंत ते नको. सोडियम फॉस्फेटचं औषध, पिण्याचं असो वा एनिमाचं, तुमच्यासाठी जास्तच धोक्याचं आहे. २०१४ साली अमेरिकेच्या औषध नियामकानं इशारा दिला होता की २४ तासांत एकापेक्षा जास्त डोस घेतल्यानं मूत्रपिंड आणि हृदयाला गंभीर इजा होऊ शकते. पंचावन्नच्या पुढचं वय आणि लघवीचं औषध या दोन्ही गोष्टी त्या इशाऱ्यात जोखमीच्या म्हणून सांगितल्या आहेत, आणि त्या दोन्ही तुम्हाला लागू आहेत. लिक्विड पॅराफिन झोपताना कधीही घेऊ नये. तेलाचा थेंब श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला सूज येते.

‘नैसर्गिक’ असं लिहिलेल्या चूर्णाच्या किंवा चहाच्या पुड्याकडे वळावंसं वाटेल. घटकांची यादी वाचा. त्यात बहुधा सोनामुखी असते, म्हणजे तुमच्या गोळीच्याच जातीचं औषध, फक्त प्रमाण न कळणारं. दोन्ही एकत्र घेतले तर डोस नकळत दुप्पट होतो.

औषधाइतकंच वेळेला महत्त्व आहे. झोपेतून उठल्यावर आणि पोटात अन्न पडल्यावर मोठ्या आतड्यात एक जोरदार लाट येते. सकाळी खाल्ल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत ती पकडायची असते. तुम्ही कदाचित त्या वेळी घरातल्यांच्या डब्यात आणि कामात असाल आणि लाट येऊन निघून जात असेल. बायकांच्या बाबतीत हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता न विचारता लिहिते. ती दहा मिनिटं तुमची आहेत, दार लावून घ्या. कमोडवर बसत असाल तर पायांखाली छोटा स्टूल ठेवा, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत, आणि किंचित पुढे वाका. गुदाशयाभोवती एक स्नायू फासासारखा असतो. ताठ बसल्यावर तो वाट वाकडी धरून ठेवतो, उकिडव्या बैठकीत सैल सोडतो. तुमच्या गुडघ्यांना पूर्ण उकिडवं झेपणार नाही, स्टूल पुरेसा आहे. दहा मिनिटांत नाही झालं तर उठा. कुंथत बसू नका.

पाणी भरपूर प्या असं सगळेच सांगतात. अंगात पाणी कमी असेल तर त्याचा नक्की उपयोग होतो. पण तहान भागत असताना वरून तांबेच्या तांबे रिचवल्यानं मळ मऊ होत नाही, जादा पाणी लघवीवाटे जातं. तंतुमय खाणं वाढवायचं तर दोन-तीन आठवड्यांत हळूहळू, नाहीतर पोट फुगेल.

मळ मऊ असूनही बाहेर येत नाही, बोटानं मदत करावी लागते, झाल्यावरही अडकल्यासारखं वाटतं, असं काही होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. काहींच्या ओटीपोटाचे तळाचे स्नायू जोर लावताना सैल पडण्याऐवजी आवळतात. त्याला कुठलीच गोळी लागू पडत नाही, स्नायूंना नव्यानं शिकवणारी फिजिओथेरपी लागते आणि तिचा चांगला उपयोग होतो.

एक प्रसंग सांगते, तो माझ्या घरचा आहे. माझी आई खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळली होती, वेदनेची तीव्र औषधं चालू होती. सहा-सात दिवस शौच नव्हतं आणि मग अचानक पातळ पाणी झिरपायला लागलं, कपडे खराब व्हायला लागले. जुलाब झाले समजून मी तिला जुलाब थांबवायचं औषध दिलं. मी, डॉक्टर असून. दोन दिवसांनी एका अनुभवी परिचारिकेनं हातमोजा घालून तपासलं. गुदाशयात मळाचा दगड अडकला होता आणि त्याच्या कडेनं वरचं पातळ तेवढं वाट काढत होतं. आईला त्या दोन दिवसांत जो त्रास झाला तो मी विसरू शकत नाही. म्हणून सांगते, बरेच दिवस काही न होता एकाएकी पातळ झिरपू लागलं तर ना जुलाब थांबवायची गोळी, ना जुलाबाची. आधी तपासणी. घरात कुणी वृद्ध, अंथरुणाला खिळलेलं असेल तर हे विशेष लक्षात ठेवा.

आणि पोट फुगून दुखतंय, वारा सरत नाही, उलट्या होताहेत, असं असेल तर कुठलंही रेचक तोंडात घालू नका. आतडं अडलेलं असताना ते जोरानं आकसवलं तर फाटू शकतं. ताप आणि पोट कडक होणं, शौचातून रक्त, काही न करता वजन उतरणं, ही लक्षणंही घरी थांबायची नव्हेत. मागच्या वेळी पाचव्या दिवशी तुमचं पोट तट्ट फुगलं तेव्हा वारा सरत होता की नाही, ते आठवून ठेवा, डॉक्टर विचारतील.

राहिली लाज. तुमच्या डॉक्टरांना तुमच्या बीपीचं, गुडघ्याचं, रक्ताचं माहीत आहे; या एका गोष्टीचं माहीत नाही. त्यामुळे ट्रॅमाडॉल देताना, लघवीची गोळी लिहिताना, लोह सुरू करताना त्यांच्यासमोर अपुरं चित्र होतं. आम्हा डॉक्टरांना शौचाबद्दल ऐकायची किळस नसते ताई, दिवसातून कितीतरी वेळा आम्हीच विचारतो. तरीही तोंडातून शब्द फुटणार नाहीत असं वाटत असेल तर बोलू नका. सगळ्या औषधांच्या पट्ट्या एका पिशवीत घाला आणि खालचा मजकूर कागदावर उतरवून त्यांच्या टेबलावर ठेवा.

‘सहा वर्षं बिसाकोडिल घेते आहे. आता ५ मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, दर तिसऱ्या रात्री. दुसऱ्या सकाळी पातळ, मग दोन दिवस काही नाही. सोबत बीपीची लघवीवाली गोळी, ट्रॅमाडॉल आणि लोह. पायात गोळे, मांड्यांत अशक्तपणा. हिमोग्लोबिन कमी, कारण शोधलेलं नाही. पोटॅशियम, क्रिएटिनिन, कॅल्शियम, साखर, थायरॉइड आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) बघायचं आहे. मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी करावी का? रोजची पावडर सुरू करून या गोळ्या कमी करायच्या आहेत. ट्रॅमाडॉलऐवजी दुसरं काही देता येईल का?’